ओठ बधिर, दाढ जागी: खालच्या जबड्याचा ब्लॉक नेमका कुठे हुकतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा की इंटर्नशिप चालू आहे, वरच्या दातांना भूल देताना काही अडत नाही, पण खालच्या दाढेला ब्लॉक (नर्व्हपाशीच औषध सोडून तिचा अख्खा भाग बधिर करणं) दिला की कधी काहीच बधिर होत नाही आणि कधी ओठ जड होतो, जीभ जड होते, तरी एअरोटर (दात कोरायचं यंत्र) लावला की पेशंट खुर्चीतून उडतो. टेक्निक पाठ आहे, औषध ताजं आहे, मग चुकतं कुठे. आणि सर म्हणतात अजून एक दे.

पहिलं म्हणजे हे फक्त तुझंच होत नाही. इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह, म्हणजे खालच्या दातांची मुख्य नर्व्ह, तिचा ब्लॉक हा आपल्याकडचा सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि सगळ्यात जास्त फेल जाणारा ब्लॉक, पाठ्यपुस्तकंच १५ ते २० टक्के फेल्युअर सांगतात. पण म्हणून नशिबावर सोडून द्यायचं असं नाही. माझं स्पष्ट मत असं की आपली मुलं हा ब्लॉक गाल आणि हिरडी बघून शिकतात, हाड बघून शिकत नाहीत. इतके मिलिमीटर वर, इतके मिलिमीटर आत, एवढंच डोक्यात असतं, मग समोरचा जबडा जरा वेगळा निघाला की सगळं गणित कोसळतं. त्यामुळे या उत्तरात मी हाडावरच जास्त बोलणार आहे, शक्य असेल तर फर्स्ट इयरचं हाडांचं पेटारं उघडून एक कोरडा मँडिबल (खालच्या जबड्याचं हाड) हातात घेऊनच वाच.

वरचा आणि खालचा जबडा ही दोन वेगळ्या स्वभावाची हाडं. मॅक्सिलाची, म्हणजे वरच्या जबड्याची, बाहेरची भिंत पातळ आणि सच्छिद्र, मुळाच्या टोकाशी औषध सोडलं की झिरपत आत पोचतं, म्हणून वर तुझं सगळं सोपं जातं. (तिथेही पहिल्या दाढेवर झायगोमाचा (गालाच्या हाडाचा) उंचवटा येतो आणि हाड जाड होतं, वरची सहा नंबरची, म्हणजे हीच पहिली दाढ, कधी कधी हट्ट करते त्याचं हे एक कारण.) खाली दाढांच्या बाहेरची कॉर्टिकल प्लेट (हाडाचा टणक बाहेरचा थर) जाड, वरून एक्स्टर्नल ऑब्लिक रिजची (हाडाच्या बाहेरच्या तिरक्या कण्याची) भर, लिग्नोकेनला, म्हणजे आपल्या भुलीच्या औषधाला, तिथून वाट मिळत नाही. पुढच्या दातांकडे हाड पातळ होतं, तिथं इन्फिल्ट्रेशन, म्हणजे दाताशेजारीच औषध सोडणं, चालून जातं, पण दाढांसाठी नर्व्ह हाडात शिरायच्या आधीच तिला गाठावं लागतं. आणि ती शिरते कुठे तर रेमसच्या (जबड्याच्या मागच्या उभ्या भागाच्या) आतल्या बाजूला, साधारण मध्यावर, जिथे आपल्याला काही दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. सगळी भानगड इथेच आहे.

आता तो मँडिबल फिरवून रेमसची आतली बाजू बघ. मँडिब्युलर फोरामेन, नर्व्ह हाडात शिरते ते छिद्र, दिसेल, त्याच्या पुढच्या कडेला हाडाचं छोटं टोक वर आलंय ते लिंग्युला, आणि फोरामेनपासून खाली पुढे तिरकी जाणारी बारीक खाच मायलोहायॉइड नर्व्हची, ती लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. लिंग्युलाला स्फिनोमँडिब्युलर लिगामेंट चिकटलेलं असतं, ते वर कवटीच्या स्फिनॉइड हाडापासून येतं आणि खाली येताना पसरट होतं. नर्व्ह या लिगामेंट आणि हाड यांच्या फटीतून फोरामेनमध्ये उतरते. म्हणजे औषध लिगामेंटच्या आतल्या अंगाला, मेडियल टेरिगॉइड स्नायूकडे पडलं, किंवा लिंग्युलाच्या खाली पडलं, तर छत्रीवरून पाणी ओघळावं तसं ते भलतीकडे जातं, नर्व्ह कोरडीच राहते. पूर्ण १.८ मिली टाकलं, रक्त आलं नाही, सगळं छान वाटलं आणि तरी ओठाला मुंगीसुद्धा आली नाही, अशा केसचा अर्थ बहुतेक वेळा हाच.

मग सुई लिंग्युलाच्या वर, हाडाला लागून गेली पाहिजे. तोंडात आपल्याकडे खुणा मोजक्याच. अंगठा गालातून आत घालून रेमसच्या पुढच्या कडेवर फिरव, सगळ्यात खोल खळगा लागतो तो कोरोनॉइड नॉच, ही तुझी उंची. आतल्या बाजूला तोंड उघडल्यावर टेरिगोमँडिब्युलर रॅफीची उभी घडी दिसते. नॉचपासून रॅफीपर्यंतचं आडवं अंतर धर आणि त्यातलं साधारण तीन चतुर्थांश मागे जाऊन, म्हणजे रॅफीच्या जरा अलीकडे, सुई टोच. खालच्या दातांच्या चावण्याच्या पातळीपासून ही जागा ६ ते १० मिमी वर येते. सिरिंज पलीकडच्या बाजूच्या प्रीमोलरवर (सुळ्यामागच्या लहान दाढांवर), पातळीला समांतर. सुई साधारण २० ते २५ मिमी आत गेली की हाड लागायला हवं. लागलं की मिलिमीटरभर मागे, अ‍ॅस्पिरेट (दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघणं), आणि दीड मिली औषध मिनिटभर घेऊन सोड. अ‍ॅस्पिरेशन टाळू नको, नर्व्हच्या शेजारूनच शिर आणि धमनी फोरामेनमध्ये शिरतात, १० ते १५ टक्के वेळा सिरिंजमध्ये रक्त येतं.

इथे आपल्याकडचा एक मुद्दा. बऱ्याच क्लिनिकमध्ये आणि कॉलेजातही कार्ट्रिज सिरिंज (औषधाची तयार नळी बसते ती) वापरत नाहीत, ३० मिलीच्या व्हायलमधून साध्या २ मिलीच्या डिस्पोजेबल सिरिंजमध्ये लोकल (भुलीचं औषध) भरतात, आणि त्यावर एक इंची सुई असते. एक इंच म्हणजे २५ मिमी. ज्या ब्लॉकला २५ मिमीपर्यंत आत जावं लागतं तो तू २५ मिमीच्या सुईने देतेस, म्हणजे मोठ्या जबड्याच्या माणसात सुई मुठीपर्यंत रुतवूनही हाड लागत नाही, आणि सुई मोडते तीही मुठीशीच. दीड इंची सुई मागून घे, दहा मिलिमीटर तरी बाहेर राहिली पाहिजे. सुई बारीक असली की कमी दुखतं म्हणून ३० गेजची घेणारे लोक आहेत, मी या ब्लॉकला घेत नाही, ती आत वाकते आणि तू नेम धरलास तिथे जातच नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. हाड कधी लागलं यावरून सुईचं टोक कुठे आहे ते कळतं, आणि हे वाचायला शिकलीस की अर्धे फेल्युअर तिथेच थांबतील. सुई अर्धी पण गेली नाही आणि हाड लागलं, म्हणजे तू फार पुढे आहेस, रेमसच्या आतल्या कडेवर, इंटर्नल ऑब्लिक रिजवर आपटलीस. तिथे औषध सोडायचा मोह होतो कारण हाड लागलंय ना, पण फोरामेन अजून सेंटीमीटरभर मागे आहे. सुई जरा मागे घे, सिरिंज फिरवून त्याच बाजूच्या पुढच्या दातांवर आण, रिजच्या मागे सुई सरकव आणि मग सिरिंज परत पलीकडच्या प्रीमोलरकडे ने. उलट, सुई पूर्ण गेली आणि हाड लागलंच नाही, म्हणजे तू रेमसच्या मागे निघालीस. तिथे अजिबात औषध सोडायचं नाही, कारण मागे पॅरोटिड ग्रंथी आहे आणि तिच्यातून फेशियल नर्व्ह जाते. सोडलंस तर पेशंटचा अर्धा चेहरा लुळा पडेल, डोळा मिटणार नाही, तोंड वाकडं होईल, नातेवाईक लकवा मारला म्हणून ओरडायला लागतील. काही तासांत उतरतं ते, तोवर डोळा झाकून ठेवायचा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची, धीर द्यायचा, पण तेवढे तास कोणालाच नको असतात. हाड लागत नसेल तर सुई थोडी मागे घे, सिरिंज पलीकडच्या दाढांकडे अजून मागे ने, सुईचं टोक आपोआप हाडाकडे वळतं. ज्यांचा रेमस बाहेरच्या बाजूला जास्त पसरलेला असतो, रुंद चेहऱ्याची माणसं, त्यांच्यात सुरुवातच दाढांवरून करावी लागते.

हे झालं पुढे-मागे. पण फेल्युअरचं सगळ्यात कॉमन कारण वर-खालीचं आहे: आपण फार खाली देतो. पेशंट तोंड नीट उघडत नाही, आपण घाईत, सुई दातांच्या पातळीलाच टोचली जाते, औषध फोरामेनच्या खाली पडतं, आणि खाली नर्व्ह आधीच हाडात शिरलेली. म्हणून दुसरा ब्लॉक द्यायची वेळ आली तर त्याच भोकात देऊ नको, ५ ते १० मिमी वर दे. अजून एक दे म्हणजे अजून एक वर दे. आणि तोंड पूर्ण उघडून घे, बाई अजून उघडा, काका अजून उघडा, मागे लाग. पूर्ण उघडल्यावर नर्व्ह ताणून रेमसच्या जवळ येते, अर्धवट तोंडात ती सैल राहते.

आता तुझी खरी तक्रार, ओठ बधिर पण दाढ जागी. यात तीन-चार वेगवेगळी प्रकरणं असतात आणि सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

सगळ्यात साधं म्हणजे घाई. ओठ तीन ते पाच मिनिटांत जड होतो, पण दाढेच्या पल्पला (दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याला) दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, कधी त्याहून जास्त. ओपीडीत बाहेर रांग असते, ओठ जड झाला का, हो, चला सुरू, असं होतं. ओठ जड झाला याचा अर्थ औषध साधारण योग्य जागी पडलं, बास. पल्पचं विचारायचं असेल तर कोल्ड स्प्रे कापसाच्या बोळ्यावर मारून दाढेला लाव, थंड कळलं तर अजून थांब. नुसती जीभ जड झाली आणि ओठ नाही, तर तो ब्लॉक झालाच नाही, जिभेची लिंग्वल नर्व्ह पुढे आणि आतल्या बाजूला असते, ती वाटेत सापडते. (सुई जाताना पेशंटला जिभेत करंट बसला तर तिलाच टोचलंय, तिथे औषध न सोडता सुई जरा मागे घ्यायची.)

दुसरं, गालाकडची हिरडी. ती लाँग बकल नर्व्हची, या ब्लॉकमध्ये येतच नाही, शेवटच्या दाढेच्या मागे-बाहेर थोडं औषध वेगळं द्यावं लागतं. एक्स्ट्रॅक्शनला हे सगळे देतात, पण आरसीटीला (रूट कॅनॉलला) रबर डॅमचा (दाताभोवतीच्या रबरी पडद्याचा) क्लॅम्प बसवताना विसरतात आणि पेशंट ओरडला की ब्लॉकला दोष.

तिसरी ती मघाची खाच. मायलोहायॉइड नर्व्ह मुख्य नर्व्हमधून फोरामेनच्या बरीच वर, सेंटीमीटरभर किंवा अधिक वर, सुटते. ती मुळात स्नायूंची, पण काही जणांत तिच्या बारीक फांद्या जिभेच्या बाजूने हाडातल्या छिद्रांतून शिरून दाढेला, बहुतेक वेळा पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळाला, संवेदना देतात. तुझं औषध फोरामेनपाशी, ती फांदी वरूनच निघून गेलेली. अशा वेळी ज्या दाढेत दुखतंय तिच्या मागच्या दाढेच्या मुळाच्या पातळीला, जिभेच्या बाजूने, अर्धा-पाऊण मिली औषध दे. अगदी थोड्या जणांत मँडिब्युलर कॅनॉलच (नर्व्हचे हाडातले बोगदे) दोन असतात, ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) नीट बघितलं तर दोन समांतर रेषा दिसू शकतात. तसं दिसलं तर मी नेहमीच्या ब्लॉकमध्ये वेळ घालवत नाही, वरून देतो, त्याबद्दल खाली सांगतो. पुढचे दात असतील तर मध्यरेषेपलीकडच्या बाजूची नर्व्ह थोडी ओलांडून येते, समोरून एक इन्फिल्ट्रेशन दे, संपलं.

चौथं म्हणजे पेटलेली दाढ. रात्रभर झोप नाही, थंड पाण्याची बाटली हातात धरून आलेला पेशंट. इथे मुलं पीएचचं उत्तर पाठ म्हणतात: लिग्नोकेनचा पीकेए (अर्धं औषध बेस स्वरूपात असतं तो पीएच) ७.९, नॉर्मल ७.४ पीएचला साधारण चतुर्थांश औषध बेस स्वरूपात, म्हणजे नर्व्हमध्ये शिरू शकेल अशा रूपात, असतं, पू असलेल्या जागी पीएच ६ ला आला की तेच एखाद टक्क्यावर येतं. हे खरं आहे, पण ते सुजलेल्या जागी दिलेल्या इन्फिल्ट्रेशनला लागू. ब्लॉक तर तू सुजेपासून चार-पाच सेंटीमीटर लांब, निरोगी जागी देतेस. तिथे कारण नर्व्हमध्येच आहे, सूज आलेल्या पल्पच्या फायबरवर असे सोडियम चॅनल वाढतात जे लिग्नोकेनला दाद देत नाहीत. म्हणून ब्लॉक अगदी परफेक्ट असूनही दाढ जागी राहू शकते आणि तिथे ब्लॉकवर ब्लॉक देऊन काही होत नाही. माझा क्रम असा: ब्लॉक, ओठ पूर्ण जड होऊ देणं, मग दाढेच्या बाहेरून आर्टिकेन या दुसऱ्या भुलीच्या औषधाचं इन्फिल्ट्रेशन, ते जाड हाडातूनही लिग्नोकेनपेक्षा बरं पोचतं. तरीही दुखलं तर इंट्रालिगामेंटरी, म्हणजे मूळ आणि हाड यांच्या फटीत, प्रत्येक मुळाला ०.२ मिली, सिरिंज दाबताना जोर लागला पाहिजे, सहज गेलं तर औषध बाहेर वाहतंय. पल्पमध्ये थेट टोचणं अगदी शेवटी, आणि पेशंटला आधी सांगून.

आता वेगवेगळे जबडे. लहान मुलांत फोरामेन खाली असतं, दातांच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली, म्हणून सुई मोठ्यांपेक्षा खाली आणि कमी खोल. दुधाच्या दाढांना हाड सच्छिद्र असल्याने इन्फिल्ट्रेशनवरही बऱ्याचदा भागतं. आणि आईला दोनदा सांग की ओठ चावू देऊ नका, ओठ तीन ते पाच तास बधिर राहतो, दुसऱ्या दिवशी सुजलेला, पांढरा पडलेला ओठ घेऊन येतात आणि इन्फेक्शन झालं म्हणतात. दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसांत उलटी गंमत. दात नाहीत म्हणजे दातांची पातळीच नाही, हिरडीची कड झिजून खाली गेलेली, तिच्यापासून सेंटीमीटर मोजलंस तर फार खाली पडणार. तिथे अंगठा आणि कोरोनॉइड नॉच यांच्यावरच विश्वास ठेव. याच लोकांत मेंटल फोरामेन, ओठाची नर्व्ह हाडातून बाहेर येते ते छिद्र, जे एरवी प्रीमोलरच्या मुळांखाली असतं, ते हाड झिजत झिजत कडेवर येतं आणि कवळी त्यावर टेकली की चावताना ओठापर्यंत कळ जाते, कवळी किती घासली तरी जात नाही, फोरामेनच्या जागी आतून पोकळी करावी लागते.

आणि आमच्या विदर्भातला रोजचा पेशंट म्हणजे खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) खाणारा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा टपरीवर घोटून मिळतोच. सबम्युकस फायब्रोसिसमुळे (तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्याच्या आजारामुळे) तोंड दोन बोटं उघडत नाही, गालात दोरखंडासारखे पट्टे, रॅफी कुठली आणि पट्टा कुठला कळत नाही. इथे नेहमीचा ब्लॉक विसर, वझिरानी-अकिनोसी शीक. वझिरानींनी १९६० मध्ये आणि अकिनोसींनी १९७७ मध्ये मांडलेली ही बंद तोंडाची पद्धत. दात मिटलेले, गाल बाहेर ओढायचा, सुई वरच्या दातांच्या पातळीला समांतर, वरच्या शेवटच्या दाढेच्या हिरडीची जोडरेषा जिथे असते त्या उंचीवर, रेमस आणि ट्युबरॉसिटी (वरच्या जबड्याचं मागचं टोक) यांच्या मधून साधारण २५ मिमी मागे न्यायची. यात हाडाला लागायचं नसतं, हे ऐकून तुला विचित्र वाटेल कारण मी आतापर्यंत हाड हाड करतोय, पण म्हणूनच ही पद्धत पहिली शिकू नये, हाडाचा अंदाज हातात बसल्यावर शिकावी. फायब्रोसिसमध्ये टिश्यू इतके कडक की सुई आत जाताना जोर लागतो आणि वाकते, सावकाश जा.

तोंड छान उघडतं पण नेहमीचा ब्लॉक वारंवार फेल जातो, अशा पेशंटला मी गो-गेट्स देतो. ऑस्ट्रेलियन डेंटिस्ट जॉर्ज गो-गेट्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेली, नेम फोरामेनवर नसतो, थेट काँडाइलच्या (जबड्याच्या सांध्यातल्या गोळ्याच्या) मानेवर असतो, लॅटरल टेरिगॉइड स्नायू चिकटतो त्याच्या जरा खाली. कानाच्या छिद्राखालच्या खाचेपासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतची रेषा हा बाहेरचा आधार, आत वरच्या दुसऱ्या दाढेच्या आतल्या पुढच्या टोकाची उंची. इतक्या वर दिल्यामुळे मायलोहायॉइडची फांदी, लिंग्वल, बहुतेकदा लाँग बकलही एकाच टोचण्यात येतात आणि रक्त येण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. बदल्यात वेळ जास्त लागतो, आणि औषध सोडल्यावर पेशंटने मिनिट-दोन मिनिटं तोंड उघडंच ठेवायला हवं. हाड लागलं नाही तर इथेही औषध सोडायचं नाही.

गंमत म्हणजे खालच्या जबड्याच्या नर्व्हला हाडाच्या खुणांवरून गाठायची कल्पना १८८४-८५ मधली, अमेरिकन सर्जन विल्यम हाल्स्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांची, औषध होतं कोकेन, आणि स्वतःवर प्रयोग करता करता हाल्स्टेडला त्याचं व्यसन लागलं. आपलं लिग्नोकेन स्वीडनमध्ये लोफग्रेनने १९४३ मध्ये बनवलं. औषधं बदलली, पण तुझी सुई ज्या हाडावर टेकते तिथला नकाशा तेव्हा होता तोच आहे.

शेवटचं, डोसचं, कारण अजून एक दे म्हणणाऱ्यांना हे कोणीतरी विचारायला हवं. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे मिलीत २० मिलिग्रॅम, अ‍ॅड्रेनालिनसह ७ मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा, ५० किलोच्या माणसाला ३५० मिलिग्रॅम म्हणजे साडेसतरा मिली, तिथे तू पोचणार नाहीस. पण हृदयाचा पेशंट असेल तर मर्यादा अ‍ॅड्रेनालिनची येते, ०.०४ मिलिग्रॅम. आपल्या १:८०,००० च्या बाटलीत मिलीत साडेबारा मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे ३.२ मिलीला कोटा संपला. दोन ब्लॉक फसले की तू तिथेच उभी आहेस. अशा पेशंटला तिसऱ्यांदा टोचण्यापेक्षा औषध लिहून देऊन दोन दिवसांनी बोलावणं बरं, आणि त्या दोन दिवसांत त्याची ओपीजी काढून फोरामेन किती वर आहे, रेमस किती रुंद आहे ते शांतपणे बघून ठेव.